हिरालालची गाडी कोणाच्या दारात

सोमवार, १९ सप्टेंबर १९९४

आज भुलाबाई बसवली. तिच्या मखराले ज्वारीचे पाच धांडे पावर हाउसच्या बाजारातून आणले. हा सगळा धानाचा मुलूख, ज्वारीचे धांडे शोधावे लागतात. धांडेवाल्यानं विचारलं, बाई, घरी गाय आहे का. मी म्हटलं, नाही, सून आहे.

ही डायरी देवरावची. माझा पोरगा. कारखान्यातून दरसाल डायरी भेटते अन् दरसाल कोरी राहते. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण अक्षर सुनेपेक्षा गोल आहे. सून साधना बी.ए. आहे. हे कोणाले वाचायले नाही, माझं मले आहे.

आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी सडकेवरच्या पोरी घरोघर फिरतील. भुलाबाईची गाणी झाली की खिरापत. डबा झाकलेला, वाजवून दाखवायचा, पोरींनी ओळखायचं. नाही ओळखलं तं हरलो म्हणायचं अन् खायचं. आमची नलू दहा वर्षांची, देवरावची एकच. घरची पोरगी म्हणून तिले आमच्या डब्यातलं आधी माहीत असते, पण ती फुटत नाही. माझ्यावर गेली.

निश्चय: यंदा कोणाच्या खिरापतीले नावं ठेवायची नाही.

समोरच्या बेबीताईकडं आज मुरमुरे होते. बहिऱ्यानंही ओळखले असते.

शनिवार, २४ सप्टेंबर, दुपार

रेडिओ म्हणे सुरतेत प्लेग. लोक गाड्या भरभरून पळून राहिले. देवराव म्हणे, माय, सुरत कुठं अन् भिलाई कुठं. मी म्हटलं, मधात रूळ आहेत. हा रेल मिलमध्ये रूळच बनवतो, तरी त्याले हे सुचलं नाही.

माझी माय पवनीकडची. तिच्या लहानपणी आढ्यावरून उंदीर पडले. पहिले उंदीर, मग माणसं. सगळं गाव वावरात झोपड्या टाकून राहिलं. मायचे दोघे भाऊ गेले. माय अन् तिची बहीण वाचल्या, कारण त्यांच्या आजीनं त्या दोघींले सोनामुखीचा पाला वाटून रोज पाजला. पोट धुऊन काढलं, रोगाले बसायले जागाच ठेवली नाही. पोरायले दिला नाही. पोरं लाडाची होती, कडू कशाले म्हणे.

मी काही भ्यायली नाही. अक्षर हललं ते पेनमुळं.

रविवार, २५ सप्टेंबर

आला. मी म्हटलंच होतं.

बेबीताईचा भाऊ तेजराम सुरतेत साड्यांच्या कारखान्यात आहे. आज सकाळी दुर्गले उतरला, टेम्पोनं इथं आला. तोंडाले रुमाल, हातात पेटी, डोळे आत गेलेले. मी ओट्यावरूनच बेबीताईले सांगितलं, त्याले घरात घेऊ नको, दोन-चार रोज बाहेर उन्हात ठेव. ती म्हणे, मावशी, भाऊ आहे, पापड नाही.

हसल्या सगळ्या. हसा.

बेबीताईची पोरगी रुक्मा आमच्या नलूची जोडीदारीण. संध्याकाळी टाळ्या वाजवत आली. मी तिले दारातच सांगितलं, बाई, कोजागिरीपर्यंत तू आमच्याकडं यायचं नाही अन् आमच्या पोरींमध्ये फिरायचं नाही. मामा घरी आहे ना, त्याच्यासमोर गाणी म्हण. ती उभी राहिली, मग गेली. नलू जेवली नाही. नाही तं नाही. जिवंत राहिली तं उद्या जेवेल.

साधना म्हणे, लहान पोरीले असं बोलतात का. मी म्हटलं, मोठ्यायले बोलून पाहिलं, ते हसतात.

सोमवार, २६ सप्टेंबर

बाजूच्या क्वार्टरातला हिरालाल दवाखान्याची अम्ब्युलन्स चालवतो. आज कावला होता. म्हणे, काकी, नवीन डॉक्टरीण आली, कमलिनी मॅडम, नागपूरची. प्लेगची खबर आली तशी तिनं सगळ्या ड्रायव्हरायले कागद दिले. गाडी ज्या घरी गेली ती सडक, क्वार्टर, माणूस का बाई, वय किती, काय झालं, सगळं लिहायचं. रोज सकाळी ती कागद वाचते अन् भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचते. काकी, मैं ड्राइवर हूँ कि पटवारी?

मी म्हटलं, पण कशाले? तो म्हणे, मॅडमचं म्हणणं असं की रक्ताचा रिपोर्ट यायले वेळ लागते, रोग तवर थांबत नाही. पण घाबरला माणूस आधी गाडी बोलावतो. म्हणून गाडी कुठं कुठं गेली ते पाहिलं की रोग कुठं शिरला ते पहिले समजते.

बाई हुशार आहे. पण ती ऑफिसात बसते. मी ओट्यावर बसते. मले कागद नको, हिरालाल नको, गाडी मले दिसते.

व्हरांड्यात गेरूनं आमची सडक काढली, दोन्हीकडं क्वार्टरं. जिथं गाडी थांबेल तिथं चिंचोका ठेवायचा. नलू म्हणे, आजी, यात आपलं घर कुठं आहे? मी म्हटलं, आपण पाहणारे, आपण कशाले त्यात.

मग पावर हाउसच्या अत्ताराकडून सोनामुखी आणली. वाळवून कुटली, वस्त्रगाळ केली. कणीक भाजून, गूळ अन् सुंठ घालून लाडू वळले, त्यात चिमूट चिमूट. पोरीयले औषध म्हणून दिलं तं एकही तोंड उघडणार नाही. खिरापत म्हणून दिलं तं हात पुढं करतात.

साधनानं विचारलं, हे हिरवं हिरवं काय? मी म्हटलं, ओवा.

संध्याकाळी डबा वाजवला. शंकरपाळे म्हणाल्या, चकली म्हणाल्या, पेढा म्हणाल्या. हरल्या. साऱ्या सडकेवर माझीच खिरापत कोणाले ओळखता आली नाही. अन् साऱ्या सडकेच्या पोरी वाचल्या. त्यांच्या मायांले माहीतही नाही. मले उपकाराची हौस नाही.

मंगळवार, २७ सप्टेंबर

दिवस उगवायच्या आत गाडीचा भोंगा. कोपऱ्यावरच्या क्वार्टरात थांबला. मी ओट्यावर गेली.

हिरालाल परत आला तं विचारलं. म्हणे, त्यांची पोरगी, पोट चालून राहिलं, चक्कर आली, घरचे घाबरले. दस्त है, काकी, और कुछ नहीं. साखर-मिठाचं पाणी दिलं, दुपारी घरी येते.

और कुछ नहीं म्हणे. असंच सुरू होते.

साधना म्हणे, रेडिओवर तं ताप अन् खोकला सांगतात. मी म्हटलं, रेडिओ दिल्लीत आहे, मी इथं आहे.

कोपऱ्यावर चिंचोका ठेवला. दोन पडले. एक उचलला.

निश्चय: एक चिमूट कमी पडली. आजपासून लाडवात दोन.

गुरुवार, २९ सप्टेंबर

काल एक गाडी, आज परत. सगळ्या आमच्याच सडकेवर. पलीकडच्या सडकेवर एक नाही. रोग आमच्यावर बसला आहे, नेम धरून.

पावर हाउसले प्लेगच्या पिवळ्या कॅप्सूल आणायले गेली होती, दुकानात संपल्या. अख्खा बाजार तोंडाले रुमाल बांधून. भाजीवाला रुमालातून भाव सांगे, अर्धा कळे. मी पदर नाकावर धरून आली. कापराच्या पोटल्या शिवल्या, घरातल्या सर्वायच्या गळ्यात बांधल्या. देवरावनं गेटवर काढून खिशात टाकली, मले माहीत आहे.

आज शांत बसून चिंचोक्यांकडं पाहिलं. एक गोष्ट दिसली, ती कमलिनी मॅडमले टाचण्यांतून दिसायची नाही. पोरीच पडून राहिल्या. पोरं एक नाही. पोरं दिवसभर उन्हात, धुळीत. रोगाले त्यांच्या जवळ यायची किळस येत असेल. अन् पोरी पडतात त्या पहाटेच. म्हणजे रोग रात्रीचा चालतो.

दुसरी गोष्ट. बेबीताईच्या दारात गाडी थांबत नाही. सुरतेचा माणूस त्या घरात, अन् रुक्मा टुणटुणीत, झाडावर चढून राहिली. नक्की कॅप्सूल लपवल्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. नलू. रोज संध्याकाळी पोरींबरोबर माझा लाडू घेते, अन् तिले शिंकही नाही. म्हणजे औषध लागू आहे. ज्या पडल्या त्यांनी कमी खाल्ला असेल. आजपासून मूठ.

सडकेवर सगळे भ्यायले आहेत. मी एकटीच शुद्धीत आहे. दाराले दोन कड्या लावल्या अन् उंबरठ्यावर फिनाईल ओतलं.

शनिवार, १ ऑक्टोबर

स्वतः डॉक्टरीणीकडं गेली. हिरालालच्याच गाडीनं जाणार होती, पण त्या गाडीत मी चढत नाही. त्यात चढलेलं माणूस कसं उतरेल याचा नेम नसते. रिक्षा केली.

कमलिनीबाई लहान आहे, केस कापलेले, मराठी पुस्तकासारखं. बसा आजी म्हणाली. मी तेजरामची सगळी हकिगत सांगितली. सुरत, पेटी, रुमाल, डोळे. ती म्हणे, त्यांना आम्ही सोमवारीच तपासलं. त्यांना काही झालेलं नाही. प्रवासात दोन दिवस उपाशी होते, म्हणून तसे दिसत होते. मी म्हटलं, तुम्हाले दिसलं नसेल.

भिंतीवर नकाशा होता. सेक्टर दोन, अन् त्यात आमची सडक टाचण्यांनी लाल. माझ्यासारखंच होतं सगळं, फक्त चिंचोके नव्हते.

मग तिनं विचारलं, आजी, या सगळ्या मुली कुठे एकत्र येतात? मी म्हटलं, भुलाबाईले. तिनं विचारलं, मुलगे येतात? मी म्हटलं, भुलाबाईले पोरं कशाले येतील. तिनं विचारलं, या मुलींच्या वयाची एखादी मुलगी आहे का सडकेवर, जी येत नाही? मी म्हटलं, आहे ना, बेबीताईची रुक्मा. मीच तिले बंद केलं. सर्वांत आधी मीच केलं.

हे तिनं लिहून घेतलं. हळूहळू, नीट. मले पाणी दिलं. तुमची खूप मदत झाली म्हणाली, रिक्षापर्यंत आली. बी.ए. झालेल्या बायांनी एवढा मान मले कधी दिला नाही. वाटते सरकारी कमिटीत घेईल. शिक्षण विचारलं तं चौथी सांगू.

रविवार, २ ऑक्टोबर

दळणाच्या चक्कीवर बेबीताई भेटली. सर्वांच्या समोर म्हणे, मावशी, माझ्या भावाचं नाव दवाखान्यात सांगून आलात म्हणे. बरं केलं. आता एक रुमाल तुम्ही पण बांधा तोंडाले. आमाले तं लागण त्या तोंडाचीच झाली.

मी काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण ते लिहायसारखं नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

संध्याकाळी पोरी अर्ध्याही नव्हत्या. ज्या आल्या त्या आपसात पाहून राहिल्या. एकीनं तं लाडू रुमालात बांधला, घरी खाईन म्हणे. मी म्हटलं, इथंच. भुलाबाईसमोर.

गाण्यांच्या वेळी दवाखान्याची एक सिस्टर आली. पांढरी साडी, हातात पिशवी. म्हणे, आजी, डब्यात काय आहे? मी म्हटलं, ओळखा. ती म्हणे, मी खेळायला नाही आले. मी म्हटलं, मी पण नाही, पण खिरापत ओळखल्याशिवाय भेटत नाही, नियम आहे. डबा वाजवला. ती बिचारी शंकरपाळे म्हणाली. हरली. मग म्हणे, एक बांधून द्या, डॉक्टर मॅडमना दाखवायचा आहे. मी म्हटलं, हरलं की इथं बसून खायचं असते, बांधून न्यायचं नाही. खा. ती डब्याकडं पाहून अशी मागं सरली, जशी त्यात साप आहे. निघून गेली.

मॅडमपर्यंत माझ्या खिरापतीचं नाव गेलं म्हणायचं.

रात्री साधना म्हणे, आई, मी गुरुवारी नलूले घेऊन तुमसरले जाते, माझ्या मायकडं. थोडे दिवस. देवराव ताटात पाहत होता. मी म्हटलं, जा. घर शांत होईल. मले काय.

पण रेल्वेगाडीत कोण बसलेलं असेल? सगळी सुरत तं त्याच गाडीत. पोरगी खिडकीशी बसते, खांबे मोजते, कोणी खोकललं तं सरकतही नाही. तिले गाडीत पाठवायचं तं आधी पोट धुऊन पाठवलं पाहिजे.

पेन बदलला तरी अक्षर हलतेच आहे.

मंगळवार, ४ ऑक्टोबर, संध्याकाळ

भुलाबाईच्या धांड्यांमागून मुंग्यांची रांग दिसली. हात घातला तं लाडू. दाबून दाबून भरलेले. पहिल्या दिवसापासूनचे.

नलूले समोर उभं केलं. म्हणे, आजी, वो कड़वा लगता है. रोज मागं टाकत होती. हात पुढं करायची, तोंडाले लावल्यासारखं करायची, अन् गाणं म्हणता म्हणता मागं.

म्हणजे इतके दिवस ही उघडीच होती. साऱ्या पोरी औषध खाऊन पडून राहिल्या, अन् ही औषधाशिवाय. रोगाले फक्त हिचाच पत्ता सापडायचा राहिला होता.

मग डबा काढला. साधना दुकानात गेली होती. नलूले मांडीवर दाबून धरली, नाक धरलं, तीन लाडू चारले, वरून पाणी. रडली. मी म्हटलं, रड, रडलेली पोरगी चालते मले.

आता काळजी नाही. आज नीट झोप लागेल.

बुधवार, ५ ऑक्टोबर

गाडी आमच्या दारात थांबली.

पहाटेपासून नलूचं पोट. आधी मले बरं वाटलं, औषध लागू झालं म्हणून. मग ती संडासातून उठेना. मग ओठ सुकले, डोळे वर. अंग गरम. साधनानं हिरालालचं दार वाजवलं. तो बनियनवर आला, नलूले उचलून गाडीत ठेवलं. मी चढली. कशी चढली आठवत नाही. त्या गाडीच्या काचा पांढऱ्या आहेत, आतून बाहेरचं काहीच दिसत नाही. सडक गेली का, वळण आलं का, कोण ओट्यावर उभं राहून आपल्याकडं पाहून राहिलं, काहीच नाही. फक्त भोंगा, आपल्याच डोक्यावर.

दवाखान्यात तोंड बांधलेले लोक. आमच्या सडकेचं नाव अन् ताप ऐकला, तसं नलूले वेगळ्या खोलीत नेलं. मधात काच. नियम आहे म्हणे, सध्या तापाच्या पेशंटले असंच ठेवतात, रिपोर्ट येईपर्यंत कोणाले आत जाता येत नाही. नळी लावली. ती काचेतून माझ्याकडं हात करून राहिली. तिच्या मायकडं नाही, माझ्याकडं.

कमलिनीबाई आली. साधनाले विचारलं, काल काय खाल्लं? साधना म्हणे, वरण-भात, भेंडीची भाजी. डॉक्टरीणीनं माझ्याकडं पाहिलं. आजी, तुम्हाला काही माहीत आहे?

मी काचेकडं वळली.

इथं खरं लिहून ठेवते, कारण कोणी वाचणार नाही. तिथं उभं राहून मी एकदा मनात म्हटलं, प्लेगच असू दे. प्लेग असला तं मी बरोबर होती. चिंचोके बरोबर, तेजराम बरोबर, सगळं बरोबर. अन् ते म्हणून झालं तसं मले काचेत नलू दिसली, अन् तिच्यावर माझंच तोंड, काचेतलं. मायच्या आजीनं पोरायले दिलं नाही म्हणून पोरं गेली, हेच आजपर्यंत ऐकलं होतं.

मी म्हटलं, सोनामुखी.

डॉक्टरीणीनं विचारलं, किती? मी मूठ दाखवली. विचारलं, किती लाडू? सांगितलं. अन् बाकीच्या मुलींना? मी म्हटलं, सर्वायले. रोज.

मले वाटलं आता ओरडेल. पोलिसाले बोलावेल. मी पदर सावरून उभी होती, की घ्या, जे करायचं ते करा, एवढं मोठं सांगून टाकलं मी. ती म्हणे, आजी, तुमच्या अंगणातलंच काही आहे हे आम्हाला शनिवारी कळलं होतं. तुम्ही गेल्यावर लगेच. टाचण्या सगळ्या भुलाबाईच्या मुलींच्या, आणि एकटी रुक्मा बरी. फक्त त्यात काय घातलंय ते कळत नव्हतं. सिस्टरला पाठवलं, तर तुम्ही तिला ओळखायला लावलंत. आज संध्याकाळी मी स्वतःच येणार होते.

मग ती आत गेली, नलूले तपासली, सिस्टरशी बोलली. काचेच्या खोलीतून काढलं. ताप पाणी सुकल्यामुळंच होता म्हणे. आता नीट होईल.

म्हणजे मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. संध्याकाळपर्यंत त्यांले कळलंच असतं.

घरी येताना रिक्षात देवराव बोलला. कधी बोलत नाही, आज बोलला. म्हणे, माय, सोमवारी दवाखान्याचा माणूस मिलच्या गेटवर आला होता. आईला सांगा म्हणे, मुलींना काही खायला देऊ नका. सगळ्या घरी सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, मग मले कावून नाही सांगितलं? तो म्हणे, तुले कोण सांगणार. मग म्हणे, साधनाले सांगितलं. म्हणून तं ती नलूले तुमसरले घेऊन जात होती.

मले वाटलं होतं, प्लेगमुळं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

आज तुमसरची गाडी होती. गेल्या नाहीत. नलू अजून दवाखान्यात, साधना तिच्यापाशी. मी घरी. साधना म्हणाली, आत्याबाई, तुम्ही घरीच राहा. ती रागात असली की आत्याबाई म्हणते, एरवी आई म्हणते.

व्हरांडा धुतला. गेरू लवकर निघत नाही.

बेबीताई आली. मले वाटलं भांडायले. तिनं डबा ठेवला, दवाखान्यात पाठवायले खिचडी आणली होती, नलूसाठी. म्हणे, मावशी, तेजराम सायकलवर जाऊन राहिला, देऊन येईल. तुम्हाले चालेल ना त्याचा हात लागलेला?

मी म्हटलं, चालेल.

ती उभी राहिली, मी अजून काही बोलीन म्हणून. बोलायचं असते ते मले तेव्हा सुचत नाही, नंतर सुचते, अन् नंतरही ते भांडणाचंच असते.

शनिवार, ८ ऑक्टोबर

नलू काल घरी आली. हलकी झाली आहे, मांडीवर घेतली तं कळलं.

रेडिओ म्हणे प्लेग आटोक्यात येऊन राहिला. हिरालाल म्हणे, आपल्या सडकेवर तीन दिवस झाले, गाडीले कोणी बोलावलं नाही, मॅडमनं टाचण्या काढल्या. मी त्याले म्हटलं, मी आधीच म्हटलं होतं, हा रोग लवकर जाईल. तो हसला नाही. त्याच्या बायकोनं आतून आवाज दिला तसा गेला.

पोरी काल बेबीताईच्या अंगणात जमल्या. रुक्मा पुढं होती. आवाज इथपर्यंत येते.

निश्चय: आता कोणाले औषध द्यायचं नाही. विचारायले आले तरी नाही. येतीलच, मग पाहू.

दुपारी साधना धुणं धूत होती. मी नलूले जेवायले वाढलं. मऊ भात, वरण, वरून तूप. तिच्यासमोर ताट ठेवलं, घास कालवला, पुढं केला. तिनं तोंड उघडलं नाही. तोंड बंद करून माझ्याकडं पाहिलं, मोठ्या माणसासारखं. म्हणे, आजी, पहिले तू.

मी तो घास खाल्ला. मीठ कमी होतं.

दुसरा घास कालवला. ती माझ्या तोंडाकडं पाहत बसली. मग म्हणे, अजून थोडं थांबू, आजी.

थांबलो. भात गार होऊन राहिला.